‘माव–’ने आरंभ होणारे जुने मराठी शब्द

मराठीत ‘माव’ या अक्षरांनी आरंभ होणारे अनेक शब्द असून त्यांतील बरेचसे व्युत्पत्तीने परस्परांशी संबंधित नाहीत. संस्कृत–प्राकृतातील भिन्न शब्द ध्वनिपरिवर्तन होता होता एकाच रूपाशी येऊन ठेपले, हे त्यांच्या सादृश्याचे कारण होय. दोन स्वरांमधील त् लोपून त्या जागी व् येणे, म् चा व् होणे (उदा., ग्राम–गाव, नाम–नाव) व एकेरी ल् चा ळ् होणे ही मराठीची नित्याची लक्षणे आहेत.

यांपैकी ‘मावळ’ हा शब्द विशेष महत्त्वाचा आहे. पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील, सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या नदीखोऱ्यांस हे नाव आहे. पवन मावळ, आंदर मावळ व नाणे मावळ हे भाग आजच्या मावळ तालुक्यात मोडतात. गुंजण मावळ व हिरडस मावळ त्यांच्या दक्षिणेस आहेत. सूर्य जेथे मावळतो तो मावळ, अशी या नावाची फोड सर्वत्र सांगितली जाते. ती ऐकावयास गोड असली, तरी ग्राह्य दिसत नाही. लोणावळ्याजवळील कार्ले लेण्यात इ. स. दुसऱ्या शतकातील सातवाहनकालीन राजाज्ञा कोरलेली आहे. वलुरक (कार्ले) येथील भिक्षूंना करजक हे गाव दिल्याची नोंद तीत असून ते गाव ‘मामालाहारा’त असल्याचे म्हटले आहे. आहार म्हणजे प्रशासकीय विभाग. ‘मामाल’मधील आद्य म् टिकून मधल्या म् चा व् व ल् चा ळ् झाला, की ‘मावळ’ हे रूप नियमाने सिद्ध होते. शिवाय कोकणातून पाहता हा प्रदेश उगवतीकडे येतो, ही गोष्ट सूर्यास्ताची फोड करणारे सोयीस्करपणे विसरतात. ‘मावळणे’ (अस्त पावणे, ओसरणे) हे क्रियापद मात्र जुने आहे. ज्ञानेश्वरीच्या (१२९०) सोळाव्या अध्यायाच्या आरंभीच त्याचे प्रयोजक रूप आढळते. त्यावरून ‘मावळत’ म्हणजे पश्चिम दिशा हा शब्द झाला व दोन्ही शब्द लोकांच्या मनात एकवटले. ‘लेण्यांची आवली’ ती लोणावळा, ही प्रचलित फोडही केवळ ध्वनिसादृश्यावर उभी आहे.

‘मावळा’ म्हणजे मावळचा रहिवासी. छत्रपती शिवाजी महाराजांच्या (१६३०–८०) पायदळात या लोकांचा भरणा असल्याने शब्दाला शूर सैनिक असा अर्थ आला व पुढे तो मावळाबाहेरच्या अनुयायांनाही लावला जाऊ लागला. जुन्या मराठीतील दुसरा ‘मावळा’ म्हणजे मामा. तो ‘मातुल’ या शब्दापासून आला असून सैनिकाशी त्याचा काही संबंध नाही. ‘मावळण’ या शब्दाचा प्रवास अधिक चमत्कारिक आहे. संस्कृत ‘मातुलानी’ म्हणजे मामी. मराठीत मात्र मावळण म्हणजे आत्या. साट्यालोट्याच्या विवाहात आईच्या भावाची पत्नी हीच वडिलांची बहीण असते, त्यामुळे हे अर्थांतर घडले असावे. मराठवाड्याच्या ग्रामीण बोलीत हा शब्द ऐकू येतो. शहरी मराठीने तो जवळजवळ टाकला आहे. ‘मावशी’ (मातृष्वसा) तेवढी सर्वत्र टिकून आहे.

‘माव’ हा स्वतंत्र शब्दही जुन्या वाङ्मयात आहे. तो ‘माया’ या शब्दाचे रूपांतर असून कपट, जादू, भास असे त्याचे अर्थ होतात. ‘मावणे’ (सामावणे) हे मापनवाचक ‘मा’ या धातूपासून आलेले आहे. खव्याला म्हणतात तो मावा आणि पिकांवर पडणारा मावा हे शब्द आजही रूढ असल्याने त्यांचा विस्तार येथे अनावश्यक आहे. नदीकाठच्या जलदेवतांना पुणे जिल्ह्यात ‘मावलाया’ म्हणतात. त्यात आईचे वाचक ‘माउली’ हे पद उघड दिसते. येथे ल् चा ळ् झालेला नाही, म्हणून ‘मावळा’ या शब्दाशी त्याची सांगड घालता येत नाही.