सारंगाचे कुळ : स्वरांपलीकडचे नाते

हिंदुस्थानी संगीतात काही राग एकेकटे उभे असतात, तर काहींची कुळे नांदतात. कानडा, मल्हार, तोडी यांच्याप्रमाणेच सारंग हेही असेच एक मोठे कुळ असून वृंदावनी, मधमाद, शुद्ध, मियाँकी, सामंत, लंकादहन, गौड अशी विशेषणे लावून त्याचे अनेक प्रकार गायले-वाजवले जातात. हे राग भर दुपारचे मानले जातात. यवतमाळ जिल्ह्यात वैशाखातील दुपारी रस्ते ओस पडतात आणि कपाशीची कोरडवाहू राने मृगाच्या पावसाकडे डोळे लावून असतात; अशा मुलखात दुपारचा सारंग आणि पावसाचा राग मेघ यांची सोयरीक अभ्यासणे विशेष उचित ठरते, कारण रागांचे नाते नेमके कशाने ठरते, या प्रश्नाचे उत्तर तिथेच सापडते.

कुळाचा मूळपुरुष व्यवहारात वृंदावनी सारंगच समजला जातो. त्यात गंधार व धैवत हे स्वर वर्ज्य, म्हणजे पूर्णपणे टाळलेले असतात. चढताना शुद्ध आणि उतरताना कोमल निषाद लागतो. वादी, म्हणजे प्रमुख स्वर ऋषभ आणि त्याचा जोडीदार, म्हणजे संवादी स्वर पंचम असतो. ‘रे म प, नि प, म रे’ ही स्वरसंगती कानी पडताच जाणकार सारंग ओळखतो. रागाची ओळख पटवणाऱ्या अशा स्वरसंगतीला रागांग म्हणतात.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (1860–1936) यांनी मराठीत लिहिलेल्या ‘हिंदुस्तानी संगीत पद्धती’मध्ये रागांची विभागणी दहा थाटांत, म्हणजे सात स्वरांच्या दहा मूळ चौकटींत केली आणि विखुरलेल्या विद्येला शिस्त लावली. परंतु या मांडणीत वृंदावनी सारंग काफी थाटात जातो, आणि काफीची खूण असलेला कोमल गंधार तर या रागात औषधालाही नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य आणि साबरमती आश्रमाच्या भजनावलीचे संकलक पंडित नारायण मोरेश्वर खरे (1889–1938) यांनी थाटाऐवजी रागांगाचा आधार घेऊन तीस रागांगे मांडली. सारंग त्यांपैकी एक आहे. कुळ समजून घेण्यासाठी हीच दृष्टी अधिक उपयोगी पडते.

त्याचा उत्तम पुरावा मधमाद सारंग आणि मेघ यांच्या तुलनेत मिळतो. दोहोंत सा, रे, म, प आणि कोमल नि हेच पाच स्वर आहेत. केवळ स्वरांची यादी पाहिली तर राग एकच वाटावा. मात्र मधमादात ऋषभ सरळ, स्थिर लागतो आणि त्यावर गायक निःशंकपणे विसावतो, तर मेघात तोच ऋषभ मध्यमाचा कण, म्हणजे ओझरता स्पर्श, घेऊन, मध्यमाकडून ओघळत आणि आंदोलत येतो, आणि एका स्वराच्या या लगावाने, म्हणजे लावण्याच्या ढंगाने, दुपारचे ऊन जाऊन आभाळ भरून येते. याउलट भूप रागाचा ऋषभ षड्ज मानला तर मूर्च्छनेने, म्हणजे आधारस्वर बदलल्याने, हीच स्वरावली मिळते. तरीही भूपाला कोणी सारंग म्हणत नाही.

कुळातील इतर रागांनी मूळ अंग राखून आपापली भर घातली आहे. शुद्ध सारंगात तीव्र व शुद्ध असे दोन्ही मध्यम येतात आणि उतरताना धैवतही डोकावतो; मियाँकी सारंगात मियाँ मल्हाराची छाया पडते; लंकादहनात कोमल गंधाराचा स्पर्श होतो. गौड सारंग मात्र नावाने आणि वेळेने आप्त असला, तरी ‘ग रे म ग’ अशी वक्र चाल आणि वादी गंधार यांमुळे तो सारंग अंगापासून वेगळा पडतो आणि कल्याण थाटात गणला जातो.

घराण्यांच्या मोठ्या केंद्रांपासून दूर असलेल्या जिल्ह्यांत हे ज्ञान दोन वाटांनी पोहोचले. पहिली वाट अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची, ज्यांच्या अभ्यासक्रमात वृंदावनी सारंग विद्यार्थ्याला लवकरच भेटतो. दुसरी वाट सुगम संगीताची. यवतमाळला 1973 साली भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर यांचे छप्पन्न गीतांचे ‘गीतरामायण’ 1955 पासून पुणे आकाशवाणीने घरोघरी नेले, आणि सुधीर फडके यांच्या रागाधारित चालींनी रागाचे नावही ठाऊक नसलेल्या श्रोत्याच्या कानात रागाचे चलन, म्हणजे त्याच्या स्वरांची चाल, रुजवले.

या दोन वाटा एकत्र आणणे हे आजच्या संगीतशिक्षकाचे खरे काम आहे. परीक्षेसाठी आरोह, अवरोह, वादी, संवादी पाठ करणारा विद्यार्थी रागाची कुंडली सांगू शकतो. पण मधमाद आणि मेघ एकापाठोपाठ ऐकवून, ऋषभ कसा लागतो हे त्याच्याकडून म्हणवून घेतल्याखेरीज त्याला राग भेटत नाही. कुळाचे नाते स्वरांच्या यादीत नसून त्या स्वरांच्या लगावात आणि चलनात आहे, आणि ते शिकवण्याचे साधन तंबोरा व शिकवणाऱ्याचा गळा हेच आहे.