जुनी रानं (लेखांक 7) : बोडा, ढोली आणि मैना

मृगाचे पहिले पाऊस झाले की रायपूरच्या तेलीबांध्याला आमच्या भाजीवालीच्या टोपलीत बोडा येतो. मातीने माखलेल्या, सुपारीएवढ्या गोल गोळ्या. किंमत ऐकून नवखं गिऱ्हाईक दोन पावलं मागे सरतं. तीन-चार पाण्यांतून माती काढायची आणि एखादा फोडून बघायचा. आतून पांढरा निघाला तर कोवळा, काळा पडला असेल तर जून. ही अळंबी धिंगरीसारखी पेंढ्यावर पिकवता येत नाही, कारण ती साल वृक्षाच्या मुळांशी बांधलेली असते. बुरशी झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार पोचवते, झाड तिला साखर देतं. साल गेला की बोडा गेला.

गेल्या आठवड्यात आपण देवरायांपाशी थांबलो होतो, आज सालवनात जाऊ. साल हा छत्तीसगढचा राज्यवृक्ष, इथल्या बोलीत सरई. महाराष्ट्रात तो जवळजवळ नाहीच, पण त्याची राळ आपल्या भाषेत कधीची येऊन बसली आहे. आरोपांची राळ उडवतात ना, तीच ही, ज्वाळेवर फेकली की भडका उडवणारी.

रायपूरहून सुमारे 300 किलोमीटरवर बस्तरमधलं जगदलपूर आणि त्याच्या पुढे कांगेर घाटी. 1982 पासूनचं हे राष्ट्रीय उद्यान 200 चौरस किलोमीटरचं, साल आणि साग या दोघांच्याही रानांचं. मार्च 2025 मध्ये ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आलं. बहुतेक मंडळी तीरथगढचा धबधबा पाहून परततात. आम्ही तिथल्या गावातला धुरवा जमातीचा एक तरुण वाटाड्या म्हणून घेतला आणि पायी निघालो.

अर्ध्या तासात तो चार वेळा थांबला, आणि चारही वेळा आम्हाला तिथे काहीच दिसलं नव्हतं. एकदा तो एका वठलेल्या झाडापाशी उभा राहिला. वर बुंध्यात ढोली होती. पहाडी मैना, म्हणजे छत्तीसगढचा राज्यपक्षी, अशाच उंचावरच्या ढोलीत अंडी घालते. ढोली पडायला झाड म्हातारं व्हावं लागतं. वठलेलं झाड निरुपयोगी म्हणून तोडलं, तर मैनेचं घरच मोडतं. वनविभागाने गावातल्या तरुणांना ‘मैना मित्र’ म्हणून मैनेच्या राखणीला लावलं आहे, आणि मला हे काम कोणत्याही कुंपणापेक्षा मोलाचं वाटतं.

दुसऱ्यांदा त्याने वीतभर रोपटं दाखवलं. सालाचं बी पावसाच्या तोंडावर गळतं आणि आठवडाभरातच त्याची रुजण्याची ताकद सरते. रुजलं तरी वरचा कोंब वर्षानुवर्षं वाळत जातो, पुन्हा फुटतो, आणि तोवर खाली मूळ जाड होत राहतं. म्हणजे दिसायला कालचं वाटणारं रोप कित्येक पावसाळे पाहिलेलं असू शकतं.

म्हणूनच ‘तोडलेल्या झाडांच्या बदल्यात तितकीच रोपं लावू’ हा हिशेब मला मान्य नाही. 1970च्या दशकात याच बस्तरमध्ये नैसर्गिक सालवन काढून कागदाच्या लगद्यासाठी परदेशी पाइन लावायची योजना निघाली होती. विरोध झाला आणि ती गुंडाळावी लागली. उत्तर छत्तीसगढमधल्या हसदेव अरण्याचा प्रश्न मात्र आजही उभा आहे. ऑक्टोबर 2021 मध्ये तिथल्या गावांतले लोक कोळसा खाणींविरुद्ध 300 किलोमीटर चालत आमच्या रायपूरला आले होते. खाणीच्या जागी गेलेल्या सालवनाऐवजी दुसरीकडे ओळीत रोपं लावली, तर त्यांत ढोली असलेलं झाड कुठून येणार? जमिनीखालची बुरशी कोण नेऊन पेरणार?

कांगेरला जाणार असाल तर पाऊस संपल्यावर जा. तिथली कोटमसरची गुहा पावसाळ्यात बंद असते, नोव्हेंबरच्या सुमारास उघडते. गाडीतून फेरी मारून परत फिरू नका. धुडमारास किंवा जवळच्या एखाद्या गावातला वाटाड्या घ्या, त्याची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि तो जिथे थांबेल तिथे थांबा.

(पुढच्या आठवड्यात : भीमाशंकरचं रान आणि शेकरू)