पडद्यावरची कारागिरी : पदवी आणि पाया

बारावीचा निकाल लागला की आकुर्डी, चिखली, भोसरीपासून चाकणपर्यंतच्या कामगार वस्त्यांतून एक ठरलेला हिशेब मांडला जातो. गुण बरे असतील तर अभियांत्रिकी, मध्यम असतील तर पदविका, नाही तर औद्योगिक प्रशिक्षण संस्था. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, पुढे टेल्को आणि बजाज आले, त्यांच्यामागून शेकडो लहान कारखाने उभे राहिले. तेव्हापासून हा हिशेब दोन पिढ्यांना पुरला. आता त्यात एक अपरिचित नाव येऊ लागले आहे. संगणकीय खेळांसाठी चित्रे व आकृती घडविण्याचे, म्हणजे ‘गेम आर्ट’चे, शिक्षण विद्यापीठात घ्यावयाचे आहे, असे एखादी मुलगी घरी सांगते आणि घर गोंधळून जाते. खेळासाठी विद्यापीठ कशाला, हा पालकांचा पहिला प्रश्न. आणि एवढी फी भरून पुढे काय, हा दुसरा. पहिला प्रश्न गैरसमजातून आलेला आहे. दुसरा मात्र अगदी रास्त आहे.

गैरसमजाचे मूळ ‘गेमिंग’ या शब्दात आहे. पैसे लावून खेळण्याच्या मोबाइलवरील व्यवसायाने हा शब्द बदनाम केला. अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, हे योग्यच झाले. परंतु पत्त्यांचा जुगार वाईट म्हणून पत्ते रंगविणारा चितारी जुगारी ठरत नाही. खेळ घडविणे हा वेगळा उद्योग आहे आणि त्यातील चित्रकाम ही शुद्ध कारागिरी आहे.

ही कारागिरी चिंचवडच्या जुन्या कामगाराला सहज समजावी अशी आहे. खेळातला वाडा किंवा घोडा प्रथम कागदावर रेखाटला जातो. त्यावरून संगणकात लहान लहान त्रिकोणांची घनाकृती बांधली जाते. मग तिचा पृष्ठभाग उलगडून सपाट करतात, त्यावर रंग, गंज, ओरखडे रंगवितात आणि तो पुन्हा आकृतीवर चढवितात. शीटमेटलच्या कामात नरसाळ्याचा आकार आधी सपाट पत्र्यावर आखून घेतात, जोड कोठे येईल ते ठरवितात आणि मगच पत्रा कापतात. त्याला ‘डेव्हलपमेंट’ म्हणतात. येथे बुद्धी तीच, पत्रा तेवढा नाही. शिवाय काटकसरही आहे. चित्रपटातील एक चित्र तयार करण्यास संगणकाला कित्येक तास लागले तरी चालते. खेळात मात्र पुष्कळदा सेकंदाला ६० चित्रे उमटावी लागतात, म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग. म्हणून दिसण्यात उणे न येता कमीत कमी त्रिकोणांत आकार साधणे, ही खरी परीक्षा.

हे काम पुण्यात होत आले आहे. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने २००८ साली येथील स्टुडिओ आपल्याकडे घेतला. त्याच कंपनीने २०२० मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गाजलेल्या खेळाची नवी आवृत्ती पुणे आणि मुंबई येथे तयार होत असल्याचे जाहीर केले. पहिल्या झलकीतील चित्रकामावर जगभरातून टीका झाली आणि २०२२ मध्ये ती जबाबदारी कॅनडातील माँट्रियलच्या स्टुडिओकडे गेली. उलट, पुण्यातीलच एका लहान गटाने पहाडी चित्रशैलीचा आधार घेऊन घडविलेला ‘राजी’ हा खेळ २०२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्याच्या चित्रकामाची परदेशात वाखाणणी झाली. दोन्ही प्रसंगांची कारणे अनेक असतील. पण एवढे खरे की खेळ पाहणाऱ्याला चित्रकाराजवळ कोणते संगणक होते हे दिसत नाही; चित्र दिसते.

आणि नेमका येथेच आपला शिक्षणव्यवहार उलटा आहे. खासगी विद्यापीठे आणि चौकाचौकांतील क्लास संगणकप्रणालींच्या नावांची जाहिरात करतात. त्या प्रणाली दर वर्षी बदलतात. आकार, प्रमाण, छायाप्रकाश, शरीररचना यांची जाण बदलत नाही. ती देणारी व्यवस्था महाराष्ट्रात पिढ्यान् पिढ्या आहे. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या शासकीय रेखाकला परीक्षांतील वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती हे विषय म्हणजे या नव्या व्यवसायाचे पहिले धडेच होत. परंतु मुले या परीक्षांना दहावीच्या वाढीव गुणांसाठी बसतात आणि गुण मिळाले की कंपास बंद होते. शिक्षण हक्क कायद्याने उच्च प्राथमिक शाळांतील कलाशिक्षकाला अंशकालीन ठरविले. ज्या शाळेत चित्रकलेचा तास गणिताला उसना दिला जातो, त्या शाळेतून आलेल्या मुलाला कोणते विद्यापीठ पदवीच्या काळात चित्रकार करणार?

आता पालकांचा दुसरा प्रश्न. या व्यवसायात स्थैर्य आहे, असे सांगणे फसवणुकीचे होईल. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये आपल्या खेळविभागातील १,९०० जणांना कमी केले. यांत्रिक बुद्धिमत्ता आता शब्दांवरून चित्रे काढू लागली आहे आणि तिचा पहिला घाव नवशिक्यांच्या सरावाच्या कामावर पडणार. म्हणून प्रवेशापूर्वी काही गोष्टी विचारल्याच पाहिजेत. पदवी देणारी संस्था विद्यापीठ आहे काय? १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा अधिकार कोणत्याही क्लासला नाही. शिकविणाऱ्यांनी स्वतः खेळ घडविले आहेत काय? मागील तुकडीचे विद्यार्थी कोठे आहेत, आणि त्यांचे काम पाहावयास मिळेल काय? या व्यवसायात प्रमाणपत्रापेक्षा कामाचे नमुने बोलतात.

केवळ पालकांनी सावध राहून मात्र भागणार नाही. मुंबईत २०२५ साली या विषयांसाठी राष्ट्रीय संस्था सुरू झाली, परंतु कामगाराच्या मुलीने त्यासाठी मुंबईत खोली घेऊन राहावे ही अपेक्षा अवास्तव आहे. पिंपरी-चिंचवड महानगरपालिका मोरवाडीत स्वतःची औद्योगिक प्रशिक्षण संस्था चालविते. तिने संध्याकाळचा रेखांकनवर्ग चालविणे अशक्य नाही. या पट्ट्यातील मोटारींचे आकारही आज कारखान्यात येण्यापूर्वी संगणकावरच घडतात. त्यामुळे असा हात खेळात रमला नाही तरी बेकार राहणार नाही. आणि १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा २०१४ च्या दुरुस्तीनंतर अभियांत्रिकीबाहेरील पदवीधरांनाही लागू होतो. विद्यापीठांनी स्टुडिओंशी करार करून शेवटचे वर्ष विद्यावेतनासह प्रत्यक्ष कामावर द्यावे. जुन्या टर्नर-फिटरांना या भूमीने असेच घडविले : आधी कानस हातात दिली, यंत्र नंतर. पडद्यावरच्या कारागिरांसाठी तोच क्रम पाळावयाचा, तर आधी पेन्सिल द्यावी लागेल, आणि ती शाळेतच द्यावी लागेल.