राखाडी भिंतीचं वेळापत्रक

सकाळी ६

चहाआधी हवामान. नॉर्वेत ज्याचं काम उघड्यावर आहे, तो सकाळी आधी हवामान खात्याचं अ‍ॅप उघडतो, मग डोळे. बर्गनच्या परिसरात तर दुसरा इलाजच नाही. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. कोकणातल्या माणसाला हा आकडा मोठा वाटणार नाही, पण कोकणचा पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. इथला बारा महिने पुरवून पुरवून पडतो, आणि वाऱ्यामुळे बऱ्याचदा आडवा येतो. त्यातल्या त्यात मे महिना कोरडा. आज दिवसभर आणि उद्या दुपारपर्यंत पाऊस नाही. मुख्य सुताराला मी एका शब्दाचा निरोप धाडते : ‘आज.’

काम आहे सोत्रा बेटावरच्या एका बालवाडीचं. सांगाडा लाकडी आणि बाहेरून पाइनच्या फळ्यांचं आवरण, म्हणजे क्लॅडिंग. मागणी अशी की, भिंती सुरुवातीपासूनच राखाडी दिसाव्यात. लाकूड नवं, पण त्याने चार पावसाळे पाहिले आहेत असं वाटलं पाहिजे. युरोपात या रूपाला सध्या चांगलीच मागणी आहे, आणि आमच्या ऑफिसात अशा कामांचं साइटवरचं बघणं माझ्याकडे असतं.

सकाळी ७

सुतार सातच्या ठोक्याला हजर. पहिलं काम ओल मोजायचं. ओलमापकाच्या दोन सुया फळीत दाबल्या की पडद्यावर टक्केवारी येते. उत्तरेकडच्या भिंतीवर १७, पश्चिमेकडे १५. वीसच्या वर आकडा गेला असता तर आजचा बेत रद्द, कारण पाण्याने भरलेल्या लाकडात राखाडी करणारं द्रावण मुरायला जागाच नसते.

मग नव्या फळ्यांची निवड. लाकडाला रंग किंवा तेल लावायचं नसेल तर पाइनचा गाभाच घ्यावा लागतो. गाभ्यात राळ भरपूर असते, त्यामुळे तो ओलीला दाद देत नाही. सालीलगतचं फिकट लाकूड मात्र लवकर कुजतं. गठ्ठ्यातून सुतार एकेक फळी उचलतो, टोकाकडून बघतो आणि कडेला फिकट पट्टा दिसला की बाजूला टाकतो. करवतीतून आलेली खरखरीत बाजू बाहेर येणार. रंधा मारलेली गुळगुळीत बाजू दिसायला देखणी असते, पण खरखरीत बाजू जास्त पिते आणि सगळीकडे सारखं पिते.

सकाळी ८

दक्षिणेकडच्या भिंतीचा शेवटचा तुकडा लागतोय. इथली पद्धत उभ्या फळ्यांची. आधी खालच्या फळ्या मध्ये फट सोडून ठोकायच्या, मग त्या फटींवर वरच्या फळ्या. वरच्या फळीची गाभ्याकडची बाजू बाहेर ठेवतात. फळी वाळताना सालीकडच्या बाजूने खोलगट होते. ती बाजू आत ठेवली की कडा खालच्या फळीवर दाबून बसतात. वरच्या फळीचा खिळा खालच्या फळीत जाता कामा नये, तो फटीतून थेट मागच्या पट्टीत गेला पाहिजे. दोन्ही फळ्या एका खिळ्याने बांधल्या तर ओल-वाळीच्या खेळात एक तरी चिरते.

फळ्यांच्या मागे पट्ट्या, पट्ट्यांमुळे हवा खेळायला पोकळी, आणि पोकळीच्या मागे वारा अडवणारा पडदा. पावसाचं बरंचसं पाणी फळ्याच परतवतात. जे आत घुसतं ते पोकळीतून खाली निथळतं आणि मागून वाहणारी हवा उरलेली ओल वाळवते. तळाशी उंदरांसाठी जाळीची पट्टी असते. फळ्यांची खालची टोकं तिरकी कापलेली, म्हणजे थेंब टोकाला लटकून न राहता गळून पडतो. जमिनीपासून वीतभराहून जास्त अंतर, म्हणजे उडणारे शिंतोडे फळीपर्यंत पोचत नाहीत.

आठ ते साडेनऊ यात जातात, आणि या दीड तासात रंगाचा विषयही निघत नाही. ही भिंत किती वर्षं टिकणार, हे मात्र याच वेळात ठरतं.

सकाळी ९.३०

बालवाडीच्या प्रमुख पाहणीला येतात. मी दोन महिन्यांपूर्वी कुंपणाला टांगलेले तीन नमुने दाखवते : एक कोरी फळी, एक द्रावण मारलेली आणि एक कारखान्यातून राखाडी होऊन आलेली. कोरी अजून पिवळसर आहे. त्यांचा साधा प्रश्न असतो : नाहीतरी लाकूड आपोआप राखाडी होतंच, मग हा खटाटोप कशाला?

लाकूड आपोआप राखाडी होतं हे खरं, पण सगळीकडे सारखं होत नाही. लाकडातले तंतू लिग्निन नावाच्या पदार्थाने एकमेकांना धरलेले असतात. उन्हातले अतिनील किरण लिग्निन फोडतात, पाऊस त्याचे तुकडे धुऊन नेतो आणि मागे फिकट सेल्युलोज उरतं. त्यावर अगदी बारीक काळी बुरशी बसते. फिकट तंतू आणि काळी बुरशी मिळून लांबून रुपेरी-राखाडी दिसतं. म्हणजे ऊन, पाऊस आणि बुरशी तिन्ही हवीत. वळचणीखाली पाऊस पोचत नाही, तिथे लाकूड वर्षानुवर्षं तांबूस राहतं. खिडकीच्या खाली पागोळ्यांचे ओघळ उमटतात. पश्चिमेची भिंत आधी राखाडी होते, बाकीच्या मागे रेंगाळतात.

मी त्यांना फोनवर एक फोटो दाखवते : स्वित्झर्लंडमधल्या सुमविट्ग गावचं संत बेनेडिक्टचं चॅपेल. वास्तुकार पीटर झुमथॉर, बांधकाम १९८८. लार्चच्या लहान लहान फळ्यांनी खवल्यांसारखी मढवलेली एकच गोलसर भिंत, पण उन्हाकडची बाजू काळपट तपकिरी आणि उत्तरेची चांदीसारखी. वास्तुकलेचे अभ्यासक हा फरक बघायला मुद्दाम तिथे जातात. पण नव्या बालवाडीची भिंत तीन-चार वर्षं ठिपकेदार दिसली, तर पालक पहिल्याच सभेत विचारतील की, बांधकाम निकृष्ट आहे का? आधी राखाडी करण्याचे पैसे या मधल्या काळासाठी मोजायचे. त्या बदल्यात एकसारखेपणा मिळतो. टिकाऊपणा त्यातून मिळत नाही, हेही मी त्यांना तिथेच सांगते.

त्यांचा पुढचा प्रश्न : उघडं लाकूड झिजणार नाही का? झिजतं, पण फार सावकाश. अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीने वर्षानुवर्षं मोजमाप केलंय. पाइनसारख्या मऊ लाकडाची उघडी भिंत शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर झिजते.

सकाळी ११

जेवणाची सुट्टी अर्धा तास. डब्यात ब्रेडचे काप आणि तपकिरी चीज, माझ्या डब्यात त्यावर आंब्याचं लोणचं. सुतारांना या राखाडीचं नवल नाही. त्यांच्या आज्या-पणज्यांच्या होड्या ठेवायच्या शेडी फ्योर्डच्या काठाला रंगाविना उभ्या आहेत आणि सगळ्या राखाडी आहेत. वयाने मोठा असलेला सुतार म्हणतो, रंग राहत्या घराला, शेडीला कोण देतो? आता घरवाल्यांनाच शेडीचा रंग हवाय, त्याची त्याला गंमत वाटते.

दुपारी १२

आता हिराकस. लोहाचा सल्फेट, फिक्या हिरव्या खड्यांचा. पंचवीस किलोची पोती बागकामाच्या दुकानात मिळतात, कारण हिरवळीतलं शेवाळ मारायला लोक हेच वापरतात. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड सल्फेट पद्धतीने बनवताना हे जोड-उत्पादन म्हणून निघतं. म्हणजे शेजारच्या घराला पांढरं करणारा आणि आमच्या भिंतीला राखाडी करणारा माल एकाच कारखान्यातून आलेला असू शकतो. स्वीडनमधल्या लाल लाकडी घरांचा जो प्रसिद्ध फालून रंग, त्याच्या जुन्या पाककृतीतही हिराकस असतो.

प्रमाण साधारण वीस लिटर पाण्याला एक किलो. बादली प्लास्टिकची, पंपही प्लास्टिकचा, आपल्याकडे शेतकरी पाठीवर घेतात तसला. जस्ताच्या बादलीला हे द्रावण खातं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचा. कपड्यावर थेंब पडला की तांबेरलेला डाग कायमचा.

हे घडतं कसं, तर लोह आणि लाकडातलं टॅनिन भेटलं की निळसर-काळा पदार्थ तयार होतो. युरोपातली जुनी दस्तऐवजांची शाई याच मेळातून होत असे आणि आपले रंगारी हिरडा आणि हिराकस वापरून काळा रंग पाडत. ओकची फळी असती तर डोळ्यांदेखत काळवंडली असती. पाइनमध्ये टॅनिन बेताचं, म्हणून तिथे उरलेलं काम ऊन आणि पाऊस काही महिन्यांत पुरं करतात.

फवारणीआधी तासभर झाकाझाक चालते. खिडक्यांच्या चौकटी, पत्र्याच्या पन्हळ्या, काँक्रीटचा जोता, दाराशी लावलेली दगडी फरशी, सगळं प्लास्टिकखाली. काँक्रीटवर हे द्रावण गंजाचे डाग पाडतं, आणि ते घासून निघत नाहीत.

मग एक जण फवारतो, दुसरा मागून रुंद ब्रशने फिरवतो. फळी वरपासून खालपर्यंत सलग पुरी करायची. मध्ये कुणाचा फोन आला आणि हात थांबला, तर तिथला जोड नंतर उठून दिसतो. फवारलेली भिंत सध्या नुसती भिजलेली दिसते. ज्यांनी हे काम आधी बघितलं नसेल, त्यांना पैसे पाण्यात गेले असं वाटावं.

दुपारी १.३०

पुण्याहून फोन. तिकडे संध्याकाळचे पाच वाजलेत. माझ्यासोबत काम करून परत गेलेली एक तरुण आर्किटेक्ट मुळशीला कुणाचं तरी फार्महाउस करतेय.

“ताई, क्लायंटला तुमच्यासारखी राखाडी भिंत हवीय. सागावर हिराकस चालेल?”

“काळं पडेल ते. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून बघ, आणि एक अख्खा पावसाळा बाहेर राहू दे.”

“एवढा वेळ कुठे आहे?”

“मग आधी मला सांग, वळचण किती घेतलीस?”

ती गप्प. मग मी तिला खरं दुखणं सांगते. मुळशीत महिनोन्महिने भिंत वाळायला उसंत मिळत नाही, त्यामुळे तिथे रुपेरी छटेपेक्षा काळी बुरशी आणि शेवाळ येण्याचीच शक्यता जास्त. वर वाळवी आहेच. आपल्या जुन्या वाड्यांचं लाकूड टिकलं ते खोल वळचणीमुळे, दगडी जोत्यामुळे आणि वेळच्या वेळी केलेल्या तेलपाण्यामुळे. इथून न्यायचंच असेल तर फळीमागची पोकळी ने, तिरकं कापलेलं टोक ने. रंगाचं नंतर बघ.

“क्लायंट फोटो दाखवतो गं, पोकळी नाही दाखवत,” ती म्हणते. यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण इथेही तसंच आहे.

दुपारी २.३०

कठडा बसवणारे आलेत आणि भिंतीपासून चार पावलांवर ग्राइंडर काढतायत. त्यांना धावत जाऊन थांबवते. कापताना लोखंडाचा जो भुसा उडतो, त्यातला एकेक कण ओल्या फळीवर बसला की रात्रीतून काळा ठिपका होतो. कठडा रस्त्यापलीकडे नेऊन कापायचं ठरतं.

खिळेही याच कारणासाठी स्टेनलेस स्टीलचे, समुद्राजवळ ‘ए४’ दर्जाचे. साध्या खिळ्याखाली काळा ओघळ येतो, आणि तोही लोह-टॅनिनचाच. एका खिळ्याखाली उतरला तर तो डाग, सबंध भिंतीवर सारखा उतरला तर तो रंग. दिवसभराची सगळी झाकाझाक या ‘सारखा’साठी असते.

वळचणीखालच्या वरच्या दीड फुटाला आम्ही द्रावणाचा दुसरा हात देतो. तिथे पाऊस पोचणार नाही, म्हणून पुढचे काही आठवडे तो पट्टा अधूनमधून नळीने भिजवायचा.

दुपारी ४

सुतार साडेतीनला गेले. मी ऑफिसात येऊन देखभालीची पुस्तिका लिहायला बसते. नॉर्वेत इमारत ताब्यात देताना ही द्यावीच लागते. कारखान्यातून राखाडी आलेल्या फळीचं प्रकरण इथे लांब झालं असतं. तिला कुठेही कापली की आतलं पिवळं टोक दिसतं, म्हणून प्रत्येक दुरुस्तीच्या वेळी रंगाचा डबा जवळ ठेवावा लागतो. आमची भिंत उभी करून मग फवारलेली, तेव्हा ती भानगड नाही.

मी लिहिते : झुडपं भिंतीपासून हातभर लांब ठेवावीत. बर्फ भिंतीला टेकवून रचू नये. तळाची जाळी दर वसंतात पानं काढून मोकळी करावी. पन्हळ गळत असेल तर लगेच दुरुस्त करावी. उच्च दाबाच्या पाण्याने भिंत धुऊ नये, तंतू उसवतात. पहिल्या वर्षी छटा भिंतीगणिक वेगळी दिसेल.

आणि शेवटचं कलम, उद्या प्रमुखबाई नक्की विचारतील म्हणून : रंगाबद्दल तक्रार असल्यास पहिला हिवाळा उलटल्यावर कळवावे, ओलीबद्दल असल्यास त्याच दिवशी.