लोर्ना गप्प का झाली?

मैत्रिणींनो, शहाडला नवरात्रात ऑर्केस्ट्रा ठेवतात, तेव्हा गाणाऱ्या मुलीची साडी, टिकल्या आपण किती निरखून पाहतो! पण कार्यक्रम संपल्यावर बिदागीचं पाकीट कुणाच्या हातात जातं, ते पाहिलंय कधी? लोर्नाची हकिकत वाचेपर्यंत मलाही ते सुचलं नव्हतं.

लोर्ना कोर्देरो ही मुंबईतली गोवेकर मुलगी. जन्म १९४६ चा. अगदी कोवळ्या वयात ती ख्रिस पेरीच्या बँडमध्ये आली. पेरी मडगावचा, नामांकित ट्रम्पेटवादक, तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा. घरी बायको, मुलं. त्या काळी चर्चगेटच्या हॉटेलांतून रात्री बँड वाजायचे. तिथे ही जोडी गाजली. १९७१ साली एचएमव्हीने त्यांची ‘बेबदो’ (म्हणजे दारुडा!) ही तबकडी काढली आणि गोवेकरांच्या घराघरांत तो आवाज पोचला.

आपल्याशिवाय दुसऱ्या कुणाबरोबर गायचं नाही, असं पेरीने तिच्याकडून स्टँपपेपरवर लिहून घेतलं होतं, असं तिच्याविषयी लिहिणारे सांगतात. दोघांचं जमलं, मग बिनसलं. सत्तरच्या दशकातच तो बायको-मुलांकडे परतला.

तुम्ही म्हणाल, बरंच झालं की! त्या घरच्या बाईच्या जिवाला केवढा घोर लागला असेल! खरंय. तिच्या बाजूने लिहिलेल्या दोन ओळीही माझ्या वाचनात नाहीत. पण पेरी परतला तो ट्रम्पेट घेऊन. १९७७ च्या ‘भुयारांतलो मनीस’ या पहिल्या रंगीत कोंकणी चित्रपटाचं संगीत त्याचंच. आणि हिचा आवाज? बंद! वीस वर्षांहून जास्त. स्वयंपाकघरात तरी गुणगुणत असेल का हो ती?

शेवटी रॉनी मोन्सेरात या वादकाने मिनतवाऱ्या करून तिला पुन्हा माइकपुढे उभं केलं. १९९५ साली पणजीला मिरामारच्या कार्यक्रमाला लोक नुसते लोटले. पन्नाशीला टेकलेली बाई, पण आवाज ऐकून म्हातारेकोतारे डोळे पुसत होते म्हणे.

पेरी २००२ साली वारला. त्यांच्याच गाण्यांवर २०१४ मध्ये ‘नाचूंया कुंपासार’ हा चित्रपट निघाला, नावं तेवढी बदलून. त्यातल्या पालोमी घोषचा राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख झाला. जरूर बघा. भाषा मुळीच अडत नाही. फक्त कुकर आधीच उतरवून ठेवा, मधे उठवत नाही.