गरीब (शब्द)

गरीब हा अरबीतून फारसीमार्गे उर्दूत आलेला शब्द आहे. उर्दू, हिंदी व मराठीत त्याचा रूढ अर्थ 'निर्धन' असा असला, तरी मूळ अरबीत त्याचा पैशाशी संबंध नाही. तेथे गरीब म्हणजे परका, अनोळखी किंवा विलक्षण. निर्धनास 'फकीर' म्हणतात.

व्युत्पत्ती

घैन, रे व बे या तीन वर्णांच्या अरबी धातूत दूर जाणे, मावळणे हे अर्थ आहेत. सूर्य मावळतो ती पश्चिम दिशा 'गर्ब', सूर्यास्तानंतरची नमाज 'मगरिब', आणि मोरोक्को देशाचे अरबी नावही 'मगरिब'च. आपल्या माणसांपासून दूर गेलेला तो गरीब. जे नेहमीच्या ओळखीतले नाही तेही गरीब. म्हणूनच हदीसमधील दुर्मिळ शब्दांच्या अभ्यासाला 'गरीब अल्-हदीस' असे नाव आहे. तुर्कीतील 'गारिप' या शब्दाचा अर्थ आजही 'विचित्र' असाच आहे.

उर्दूतील अर्थ

परक्या मुलखातील माणसाला घर नसते, आप्त नसतात. परका, मग असहाय, मग निर्धन, असा हा अर्थप्रवास दिसतो. जुना अर्थ मात्र सामासिक शब्दांत टिकून आहे. 'अजीब-ओ-गरीब' म्हणजे चित्रविचित्र, तर 'गरीब-उल-वतन' म्हणजे मायदेशापासून दुरावलेला. आशूराच्या दिवशी पाळली जाणारी 'शाम-ए-गरीबाँ' ही निर्धनांची संध्याकाळ नव्हे. करबल्यात हुसेन मारले गेल्यानंतर परमुलखात निराधार उरलेल्या त्यांच्या कुटुंबीयांची ती संध्याकाळ आहे.

'गुरबत' या भाववाचक नामाबाबत तर हमखास गैरसमज होतो. इक्बाल यांच्या १९०४ मधील 'तराना-ए-हिंदी' या गीतात हा शब्द परदेशवासासाठी आला आहे. आज गुरबत म्हणजे दारिद्र्य असे मानणाऱ्या श्रोत्याला त्या ओळीचा संदर्भच लागत नाही.

महाराष्ट्रात

निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य बुरहानुद्दीन गरीब (मृत्यू १३३७) यांचा दर्गा खुलताबाद येथे आहे. दिल्ली सोडून दख्खनेत आलेल्या या सूफींचे नाव वाचताना शब्दाचा जुना अर्थ ध्यानात असावा.

मराठीने या शब्दाला आणखी एक छटा दिली: सौम्य, निरुपद्रवी. 'गरीब गाय' म्हणताना गायीच्या मालमत्तेचा प्रश्नच नसतो, आणि चांगला सधन मनुष्यही मराठीत 'स्वभावाने गरीब' असू शकतो.