पासिंगपुरता ब्रेक

१ मे १९९९ ला परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला. त्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा भाषणं झाली, हारतुरे झाले, सिंचनाचा अनुशेष आणि हळदीचा बाजार यांचा पुन्हा एकदा हिशेब मांडून झाला. गाड्यांच्या पाटीवर एमएच २२ जाऊन एमएच ३८ आलं, याचंही कौतुक झालं. त्या गाड्या थांबतात कशा, याचा हिशेब कुणी मांडला नाही. तो मांडावासा वाटला एका पोरामुळे. औंढ्याला त्याची जीप स्टँडवर लागत होती आणि पुढच्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज येत होता. "पॅड बघितले का रे बाबा?" म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "परवाच पासिंग झालंय काका." त्याच्या लेखी विषय संपला होता. मला मात्र ते वाक्य लागलं.

मागचं सगळं सांगत बसत नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि १९८९ चे केंद्रीय नियम हे काही रंजक वाचन नव्हे. त्यातलं एवढंच लक्षात ठेवावं की कलम ५६ प्रमाणे फिटनेसचा कागद, म्हणजे बोलीतलं पासिंग, नसेल तर भाड्याच्या गाडीची नोंदणीसुद्धा वैध धरली जात नाही. नियमांत ब्रेकचं मापही आहे. ताशी ३० किलोमीटरच्या वेगात असलेली चारचाकी ब्रेक दाबल्यावर १३ मीटरच्या आत थांबली पाहिजे. हे माप छापलेलं होतं. गाडी त्या वेगाने पळवून फीत लावून मोजलेलं पहिल्या दहा वर्षांत आमच्याकडे कुणी पाहिलं असेल तर त्याने पुढे यावं.

खरा काळ त्यानंतरचा, जिल्हा झाल्यापासून पुढची दहा वर्षं. ते काळ्या-पिवळ्या जीपचं राज्य होतं. पूर्णा-अकोला रेल्वे तेव्हा छोट्या रुळांवरून चालायची, मोठी लाइन व्हायला २००८ उजाडलं. एसटी होती, पण सेनगाव, कळमनुरी, वसमतच्या आतल्या गावांना ती यायची तेव्हा यायची. मधल्या वेळेला जीप. कमांडर, ट्रॅक्स, पुढे मॅक्स आणि बोलेरो. आत माणसं, टपावर हळदीची पोती, मागच्या पायरीवर कॉलेजची पोरं, आणि ड्रायव्हर अर्धा दाराबाहेर. महाशिवरात्रीला औंढा नागनाथ, आषाढी-कार्तिकीला नर्सी नामदेव, दसऱ्याला हिंगोलीचं प्रदर्शन. या दिवसांत एकेका जीपने किती माणसं वाहिली हे सांगितलं तर आज गुन्हा दाखल होईल.

त्या काळाचे गोडवे गायचं मला कारण नाही. बेकायदा तो होताच. पण एक गोष्ट त्यात होती, ती गेली. जत्रेआधी जीप गॅरेजला लागायचीच. कायद्याच्या भीतीने नव्हे, टपावरच्या पोत्यांच्या भीतीने. एवढा भार घेऊन उतारावर पाय देऊन पाहिला की कळायचं, कागद काय म्हणतो त्याला काही किंमत नाही.

आमच्या घरच्या जीपचं काम ज्या चाचांकडे असायचं त्यांची पद्धत ठरलेली. जॅक लावायचा, चाक उतरवायचं, ड्रमवर हातोडीचे दोन टोले घालून तो मोकळा करायचा. आतून काळी भुकटी पडायची. (ती ते तोंडाने फुंकायचे. जुन्या ब्रेक लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की काय करतं हे त्यांना सांगणारा कुणी नव्हता, आणि हातमोजे, मास्क हे शब्द त्या गल्लीत पोचले नव्हते.) मग ते अंगठा लायनरवरून फिरवत न्यायचे आणि रिव्हेटच्या खड्ड्यापाशी थांबायचे. रिव्हेटचं डोकं लायनरच्या किती खाली आहे, ते अंगठ्याला कळायचं. लायनर झिजून रिव्हेट वर आली की ती ड्रमला चरे पाडते. मग लायनरचा खर्च शेकड्यात, आणि ड्रम लेथवर टर्न करायचा खर्च वेगळा. "रिबीट लग रई, औंढे नक्को जाव," असं ते म्हणाले की जीप जायची नाही. मालक कितीही म्हणोत, चाकच बसवलेलं नसायचं.

अंगठ्यानंतर नाकाची पाळी. लायनर हुंगून ते सांगायचे की ॲक्सलचं सील गळतंय का व्हील सिलिंडरचं किट गेलंय. ऑइल लागलेलं लायनर जाड असलं तरी बाद, कारण ते धरत नाही आणि ब्रेक दाबला की गाडी दुसऱ्या बाजूला ओढते. जाडी शाबूत आणि ब्रेक बेकार हे शक्य आहे, हे मी चाचांच्या ओट्यावर शिकलो. पुढे ब्रेक ऑइलची बाटली बघायचे. पातळी उतरली असेल तर लगेच भरायचे नाहीत. आधी लायनर आणि पॅड बघायचे, कारण ते झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि ऑइल आपोआप खाली उतरतं. वरून भर घालणारा माणूस खुणेवरच बोळा फिरवतो.

याच दहा वर्षांत पासिंग कसं व्हायचं तेही लिहून ठेवलं पाहिजे. गाडी घरी उभी आणि कागद तंदुरुस्त होऊन आला, हे किस्से ड्रायव्हर लोक चहाच्या टपरीवर हसत सांगायचे. एजंट नावाची जमात त्यावर जगली, तिने बंगले बांधले. पण आमच्यातल्याच शहाण्यांनी तेव्हा मला ऐकवलं होतं की ग्रामीण भागात हे असंच चालायचं, तुम्ही पत्रकारांनी गरिबाच्या पोटावर पाय देऊ नये. गरीब पुढच्या सीटवर होता तसा मागच्या पायरीवरही होता, हे त्यांना सोयीने दिसत नव्हतं. आजही त्यातले काही रस्ता सुरक्षा सप्ताहाला व्यासपीठावर असतात.

पुण्याच्या श्रीकांत कर्वे यांनी जनहित याचिका केली म्हणून हा खेळ मोडला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सांगितलं की ब्रेक तपासायचे तर गाडी पळवून तपासा, आणि त्यासाठी प्रत्येक आरटीओकडे २५० मीटरचा ट्रॅक हवा. सरकार सरकारसारखं वागलं. जागा नाही, निधी नाही, मुदत द्या. शेवटी १ नोव्हेंबर २०१७ पासून ज्यांच्याकडे ट्रॅक नाही त्यांनी फिटनेस देऊच नये, असा आदेश झाला आणि राज्यभर गाड्या ट्रॅक असलेल्या शेजारच्या कार्यालयांकडे पळू लागल्या. डिझेल गेलं, भाडं बुडालं, शिव्या न्यायालयाला बसल्या. शिव्या देणाऱ्यांत मी नव्हतो.

ट्रॅक म्हटलं की शहरातल्या पोरांना शर्यत आठवते. २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं ग्रेटर नोएडाला फॉर्म्युला वन झाली, तेव्हा हिंगोलीतही पोरं टीव्हीपुढे बसली होती. शर्यतीवाला ट्रॅकवर उतरण्याआधी पॅडची जाडी बघतोच, कारण रस्त्यावर महिनोन्महिने पुरणारा पॅड तिथे एका दिवसात संपू शकतो, आणि तापलेलं ब्रेक ऑइल उकळलं तर पाय थेट तळाला जातो. आमचा ट्रॅक अडीचशे मीटरचा, पण धडा तोच लागू होता.

सुरुवातीला झालंही तसं. पासिंगची तारीख मिळाली की आठ दिवस आधी गाडी गॅरेजला. पुढे डिस्क असलेल्या गाड्या आल्या होत्या. त्यात काम सोपं. चाक काढा, कॅलिपरच्या खिडकीत बॅटरी मारा, पॅड दिसतो. नवा असताना मसाला दहा-बारा मिलिमीटर असतो, तीनवर आला की बदलायचा. फक्त बाहेरचा पॅड बघून उठायचं नाही. कॅलिपरची पिन जाम असली की आतला पॅड आधी संपतो, बाहेरचा सहा मिलिमीटर आणि आतला पत्र्यावर असं होतं. औंढ्याच्या त्या पोराच्या गाडीत हेच असणार, पैज लावतो.

पण लोक हुशार. ट्रॅकला काय लागतं ते त्यांनी वर्षभरात ओळखलं. मागच्या ड्रमचे ॲडजस्टर कसले, की झिजलेलं लायनरही वरच धरतं आणि गाडी जागेवर उभी राहते. पुढचा महिना कोण बघतो? काहींनी उलटी चूक केली. सकाळी नवे पॅड टाकून थेट ट्रॅकवर गेले आणि नापास झाले. नवा पॅड डिस्कवर पूर्ण टेकायला शे-दोनशे किलोमीटर बेताबेताने ब्रेक लावत जावं लागतं, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. पासिंगसाठी चांगले टायर लावायचे आणि घरी येऊन परत जुने चढवायचे, हेही सुरू झालं. ट्रॅकने एजंटाला धक्का दिला, लबाडीला नाही.

आता तर ट्रॅकही जुना झाला. केंद्राने २०२१ मध्ये स्वयंचलित चाचणी केंद्रांचे नियम केले. जड वाहनांना सक्तीची तारीख १ एप्रिल २०२३ होती, ती १ ऑक्टोबर २०२४ वर गेली. गाडी रोलरवर उभी करायची, रोलर चाक फिरवणार, ब्रेक दाबायचा, आकडा पडद्यावर. डाव्या-उजव्या चाकातला फरकही त्यात कळतो, जो चाचांना नुसत्या हाताने मोजता आला नसता. यंत्राला मी नावं ठेवत नाही. माणसापेक्षा ते विकत घ्यायला अवघड आहे, एवढा गुणसुद्धा पुरेसा आहे.

तरी रोलर आजचा जोर मोजतो, उरलेली जाडी नाही. चार मिलिमीटरचा पॅड रोलरवर उत्तम पास होईल. २०१८ पासून आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला फिटनेस दोन-दोन वर्षांचा मिळतो, त्याआधी नव्या गाडीची पहिली दोन वर्षं संपली की दरवर्षी जावं लागायचं. रोज हिंगोली-नांदेड फेऱ्या मारणाऱ्या गाडीचे चार मिलिमीटर दोन वर्षं पुरतील, असं कोणता मेकॅनिक सांगेल? आणि रस्ताही आता पूर्वीचा नाही. वारंगा फाट्यावरून नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग १६१ चौपदरी झाला आहे. खड्डे होते तेव्हा जीप चाळिसाच्या वर जात नव्हती, तेव्हा आम्ही ब्रेक बघत होतो. आता शंभरने जातात आणि काचेवर मुदतीची तारीख लावतात. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागतं, मग १३ मीटरचं गणित तुम्हीच करा.

चाचांचं गॅरेज बंद झालं. त्या जागी मोबाइलचं दुकान आहे. मुलगा पुण्याला चाकणमध्ये कंपनीत लागला, चांगलंच झालं. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गाडी नेली तर पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये छापून देतात, पण जुनी काळी-पिवळी तिथे कोण नेतो?

माझी परिवहन खात्याकडे मागणी छोटी आहे. फिटनेसच्या कागदावर मुदतीच्या तारखेखाली चार रकाने वाढवा, चारही चाकांच्या पॅड-लायनरची जाडी मिलिमीटरमध्ये लिहा, आणि ती जाडी बघून मुदत ठरवा. तीनच्या आसपास असेल त्याला दोन वर्षं देऊ नका, तीन महिने द्या. चाचणीला गाडी आलेली असतेच, चाक उतरवून तेवढं बघता येतं. हे होईपर्यंत जीपमध्ये बसणाऱ्यांनी चाकातून करकर ऐकू आली तर उतरून दुसरी गाडी धरावी. भाडं परत मागावं.